वजाबाकीची भाषा

मराठीतील अंकगणिताचे शब्द जरा निरखून पाहिले तर त्यांचे दोन तट पडलेले दिसतात. गुणाकार आणि भागाकार हे संस्कृत वळणाचे. बेरीज, वजा, बाकी, जमा, खर्च हे फारसी-अरबीतून महसुली दप्तरांच्या वाटेने आलेले. शेतसारा मोजणाऱ्या कारकुनांनी रोजच्या कामाचे शब्द आपल्या हाती ठेवले आणि क्वचित लागणारे शास्त्र्यांकडे सोपवले, असे गमतीने म्हणता येईल. या साऱ्यांत 'वजाबाकी' हा शब्द आम्हांला विशेष वाटतो. लॅटिनवरून इंग्रजीत आलेल्या 'सबट्रॅक्शन' या शब्दाचा मूळ अर्थ आहे खालून ओढून घेणे. संस्कृतातले 'व्यवकलन'देखील क्रियेचेच नाव आहे. मराठी शब्द मात्र क्रिया सांगून थांबत नाही. काय काढले ते 'वजा'त आहे आणि काय उरले ते 'बाकी'त आहे. एकाच शब्दात जाणेही आहे आणि उरणेही आहे. भेटीअंती आपण 'बाकी काय म्हणता?' असे विचारतो तेव्हा सांगून झालेले सारे मनातल्या मनात वजा करून उरलेल्याची चौकशी करत असतो. पण त्या वेळी आपण गणित करत आहोत असे कुणाच्या मनातही येत नाही.

हे सारे सुचण्याचे कारण विद्वत्तेचे नाही, घरगुती आहे. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. मराठीच्या विभागांत गणिताविषयी एक प्रकारची अनास्था असते आणि ती थोड्याशा अभिमानाने मिरवलीही जाते. 'आमचे आणि आकड्यांचे कधी जमले नाही' हे वाक्य आपल्या व्यवसायात दोष म्हणून नव्हे, तर ओळखपत्र म्हणून उच्चारले जाते. मुलगी दुसरीत गेली, हातच्याची वजाबाकी घरी आली, आणि हे ओळखपत्र दाखवून सुटका होईना. सडक अर्जुनीसारख्या तालुक्याच्या गावी शिकवण्या नाहीत असे नव्हे. पण सात वर्षांच्या मुलीला वजाबाकीसाठी शिकवणीला धाडावे हे आमच्या घरातल्या कुणालाच पटले नाही. तेव्हा संध्याकाळी पाटी घेऊन बसणे आले.

गाव ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. गोंदिया जिल्ह्यात दोन अर्जुनी आहेत. मोरगावशी जोडलेली ती अर्जुनी मोरगाव आणि मुंबई-कोलकाता हमरस्त्याशी जोडलेली ती सडक अर्जुनी. पूर्वी सहा क्रमांकाचा आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा हा महामार्ग कोहमाऱ्याला गोंदियाच्या रस्त्याला छेदतो. भोवती धानाच्या बांध्या, जुने मालगुजारी तलाव आणि नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल. पावसाळ्यात पऱ्हे आणि रोवणी, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता. बोली झाडीची. आमच्या घरात त्या वर्षी पाच माणसे होती. आम्ही दोघे, मुलगी आणि तिचे आजी-आबाजी. म्हणजे आमच्यापैकी एकाचे आईवडील, एकीचे सासूसासरे. वजाबाकी शिकवणारे चार आणि शिकणारी एक, असा तो मामला होता.

पहिली अडचण आली ती एका क्रियापदाची. बावन्नातून अडतीस वजा करताना आपण सारे जण एक वाक्य म्हणतो : 'दोनातून आठ जात नाहीत.' मुलीने विचारले, "काहून नाही जात?" हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले, तेव्हापासून दोनातून आठ खुशाल जातात. सहाचे ऋण होते इतकेच. 'जात नाहीत' हा गणिताचा सिद्धान्त नव्हे, दुसरीच्या वर्गापुरती केलेली सोय आहे. पण सोयीचे वाक्य सिद्धान्ताच्या सुरात उच्चारले की मूल आपला मार्ग शोधते. आमच्या मुलीने तो असा शोधला : दोनातून आठ जात नाहीत ना, मग आठातून दोन तर जातात! उत्तर आले सव्वीस.

हे उत्तर केवळ तिचे नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाक्या तपासून दाखवून दिले की त्यांतल्या पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एखादा नियम अगदी प्रामाणिकपणे पाळत असते, फक्त तो नियम वेगळा असतो. मोठ्या अंकातून लहान अंक काढणे हा त्यांतला फार आढळणारा नियम. भाषेच्या शिक्षकाला हे समजायला वेळ लागू नये. 'मी करला' म्हणणारे मूल व्याकरण विसरलेले नसते. ते 'धरला'च्या नियमाने चाललेले असते. चुकीत नियम शोधायचा ही भाषेच्या अभ्यासाची जुनी सवय. ती आकड्यांच्या वहीत नेली इतकेच.

मग प्रश्न उरला वाक्य बदलण्याचा. आबाजींची रीत वेगळी होती. त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. १९५६ च्या नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. गोंदिया त्यातून वेगळा झाला १९९९ मध्ये. आबाजी म्हणत : "दोनातून आठ जात नाहीत, बारातून आठ गेले चार, हातचा एक, तीन आणि एक चार, पाचातून चार गेले एक. चौदा." ही लय अशी पक्की होती की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. पण मुलीच्या पुस्तकात वरच्या पाचाचे चार होत होते आणि आबाजींच्या रीतीत खालच्या तिनाचे चार. उत्तर एकच, पण 'हातचा' कुणाच्या हातचा, हा घरात दोन दिवस चाललेला वाद झाला.

दोन्ही रीती बरोबर आहेत, आणि त्या का बरोबर आहेत हे सांगणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकाची गोष्ट मोडीची आहे. पाच दशकांतले एक दशक सुटे केले की दहा एकक मिळतात. आबाजींची गोष्ट फरकाची आहे. वरच्या संख्येत दहा एकक आणि खालच्या संख्येत एक दशक मिळवले, म्हणजे दोन्हींत दहाच मिळवले. फरक आहे तोच राहतो. हे मुलीला पटवण्यासाठी आबाजींनी जे उदाहरण घेतले त्याकडे पुढे यावे लागेल. सध्या मोडीचे पाहू.

लिपिंग मा यांचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले एक पुस्तक गणिताच्या शिक्षकांमध्ये बरेच वाचले जाते. त्यांनी २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना, हातच्याची वजाबाकी कशी शिकवाल, असे विचारले. अमेरिकी शिक्षकांपैकी बहुतेकांच्या बोलण्यात उसने घेण्याची भाषा होती. बहुतेक चिनी शिक्षकांच्या बोलण्यात वरच्या स्थानाचा घटक सुटा करण्याची. वरवर पाहता हा शब्दांचा भेद. पण उसने घेतलेले परत करायचे असते आणि वजाबाकीत तर कुणी काही परत करत नाही, हे मुलाला खुपते. शिवाय उसने घेताना दोन वेगळी माणसे लागतात; इथे तर बावन्न ही एकच संख्या आहे, तिने आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवले आहे.

मराठीत ही अडचण मुळात असायचे कारण नाही. आपल्याकडे नोट 'मोडतात' आणि पैसे 'सुटे' करून घेतात. आबाजींनी तर शाळेत आणे-पैच्या वजाबाक्या केल्या होत्या. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. पाच रुपये तीन आण्यांतून दोन रुपये सात आणे वजा करायचे तर रुपया मोडून सोळा आणे करावे लागत, तीनात ते मिळवून एकोणीस होत, आणि बाकी राही दोन रुपये बारा आणे. सोळा, बारा अशा वेगवेगळ्या मोडी करणाऱ्या त्या पिढीला दहाची मोड म्हणजे खेळच. आम्ही मुलीला दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी दिली आणि आठवडी बाजारात अडतीस रुपयांची भाजी घेण्याचे सोंग केले. तिने तीन नोटा दिल्या, आठ रुपयांसाठी चौथी नोट पुढे केली आणि म्हणाली, "ही मोडून द्या." त्यानंतर 'जात नाहीत' हे वाक्य आमच्या घरातून गेले. त्याच्या जागी आले : 'सुटे कमी आहेत, मोड करू.' पाटीवरची आकडेमोड तीच. पण आता तिला एक कर्ता होता आणि त्याला एक कारण होते. 'आकडेमोड' हा शब्दही आपण किती सहज वापरतो. त्यातली मोड मात्र ऐकू येत नाही.

घरी वजाबाकी शिकवणाऱ्या आईबापांना आपण एकटे आहोत असे वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या परंपरेत फार मोठे नाव आहे. भास्कराचार्यांचा लीलावती हा ग्रंथ इसवी सन ११५० चा. लीलावती ही त्यांची कन्या, ही गोष्ट फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते, तेव्हा तिला आख्यायिकाच म्हणायला हवे. पण ग्रंथातले पहिले उदाहरण 'बाले' असे संबोधून लीलावतीलाच घातलेले आहे, याविषयी शंका नाही. उदाहरण असे : दोन, पाच, बत्तीस, एकशे त्र्याण्णव, अठरा, दहा आणि शंभर यांची बेरीज सांग, आणि ती दहा हजारांतून वजा केल्यास काय उरेल तेही सांग. बेरीज येते ३६०, बाकी ९६४०. म्हणजे त्या बालेला पहिल्याच दिवशी शून्यांवरून मोड आणायला लावली आहे! आमच्या मुलीला हे सांगितले तेव्हा तिला लीलावतीविषयी एकदम सहानुभूती वाटू लागली.

त्याच ठिकाणी भास्कराचार्य आणखी एक सवलत देतात आणि ती आम्हांला फार उपयोगी पडली. बेरीज असो वा वजाबाकी, स्थानास्थानांतले अंक क्रमाने घ्या किंवा उलट क्रमाने घ्या, चालेल, असे ते सांगतात. आपल्या वर्गांत मात्र एककापासून आरंभ करणे हे जणू सोवळे आहे. मुलीला तोंडी विचारले तर ती डावीकडून निघे. पन्नासातून तीस गेले वीस. दोन होते, आठ पाहिजेत, सहा कमी पडले. विसातून सहा गेले चौदा. 'कमी पडले' हा शब्द तिचा स्वतःचा. पाहायला गेले तर ती ऋण सहाच वापरत होती, फक्त त्याचे नाव तिला ठाऊक नव्हते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. त्या मठाच्या नियमात बसणारी रीत आपल्या वहीत अशुद्ध ठरू नये, असे आम्हांला वाटते.

आता या विषयाचा गाभा. उभी मांडणी जमू लागल्यावरही शाब्दिक उदाहरणांची रड संपेना. 'राजूजवळ बारा गोट्या आहेत, मीनाजवळ सात; राजूजवळ किती जास्त?' मुलगी बिनदिक्कत बेरीज करी. तिचा तर्क उघड होता. 'जास्त' म्हटले की मिळवायचे, 'कमी' म्हटले की काढायचे. इथे आकडे तिला नडत नव्हते, वाक्य नडत होते. आणि वाक्य हा तर आमचा विषय. आम्ही तिच्या पुस्तकातली सगळी उदाहरणे आकडे गाळून वाचली. तेव्हा दिसले की वजाबाकी नावाच्या एका चिन्हाखाली तीन निराळे प्रश्न राहतात. काही होते, त्यातून काही गेले, मग उरले किती? काही आहे, अमुक इतके हवे आहे, मग कमी पडते किती? आणि हेही आहे, तेही आहे, कुणीच कुठे गेलेले नाही. मग दोहोंत फरक किती? मराठीने या तिघांसाठी शब्दही वेगळे राखले आहेत : बाकी, तूट आणि फरक. आपण शाळेत पहिल्याच प्रश्नाची चित्रे काढतो. झाडावरचे पक्षी उडतात, ताटातले लाडू संपतात. आणि उरलेल्या दोहोंनाही त्याच साच्यात कोंबतो. राजूच्या बारा गोट्यांतून मीनाच्या सात 'जाणार' तरी कशा? त्या तर मीनाच्या खिशात आहेत.

दुसरा प्रश्न आजींच्या हातचा होता. त्यांनी उमेदीत कितीतरी उन्हाळे तेंदूपत्ता तोडला आहे. आपल्याकडे सत्तर पानांचे एक पुडके बांधतात. पहाटे जंगलात जायचे आणि दुपारी अंगणात बसून पुडकी बांधायची. त्यांनी मुलीला अंगणात बसवले, पळसाची पाने घेतली आणि मोजायला लावले. "अठ्ठेचाळीस झाली. आता अजून किती पायजे?" मुलगी म्हणाली, "दोन घेतली की पन्नास. मग वीस." बावीस. सत्तरातून अठ्ठेचाळीस ही वजाबाकी झाली हे दोघींपैकी कुणाच्याही गावी नव्हते. दुकानदारही शंभराच्या नोटेवर असेच चढत चढत सुटे परत करतो. आजी याला वजाबाकी म्हणत नाहीत, 'भर' म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे अर्थाच्या दृष्टीने अधिक अचूक आहे. पुढे संध्याकाळी चिंचोक्यांचा खेळ सुरू झाला. दहा चिंचोके मांडायचे, काही मुठीत लपवायचे, समोरचे मोजून मुठीतले ओळखायचे. उत्तर सांगितल्यावर मूठ उघडून दाखवायची हा त्या खेळाचा कायदा. वजा झालेले नाहीसे होत नाही, ते कुठेतरी असते, एवढे त्या मुठीने तिला शिकवले.

आजींच्या बोलीचाही या शिक्षणात वाटा आहे. झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत. ण चा न होतो आणि ळ चा र. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले, ते वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. आजी 'एकोनतीस' म्हणतात आणि मुलगीही तसेच म्हणते. प्रमाणभाषेच्या कानाला हा उच्चार गावंढळ वाटेल. पण मूळ शब्द एक आणि ऊन यांचा आहे, ऊन म्हणजे उणे. म्हणजे झाडीतला न मुळाशी अधिक इमान राखून आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. मराठी मूल वजाबाकी शिकण्याच्या कितीतरी आधी एकोणीसपासून एकोणऐंशीपर्यंत सात वजाबाक्या पाठ करून बसलेले असते! पुढे नव्व्याऐंशी आणि नव्व्याण्णव येतात आणि ही शिस्त मोडते. पावणेदोन, पावणेतीन यांतही तेच 'ऊन' दडले आहे; पाद म्हणजे चतुर्थांश, तो उणा. रोमनांच्या लॅटिनमध्येही एकोणीस म्हणजे 'विसातून एक'च होते.

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यानामांबरोबर 'वीस सात' अशी वाचनाची रीत आली तेव्हा उठलेले वादळ अनेकांना आठवत असेल. विधानसभेपर्यंत ते पोचले, विनोदांना तर ऊत आला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावे काढलेली नाहीत. सत्तावीस म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना दोन, जोडाक्षरेही जड जातात, म्हणून मुलांना ही आणखी एक वाट. तेलुगू-कानडीत असेच म्हणतात. नारळीकर बाई २०२३ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या म्हणण्यातले तथ्य घरी बसून शिकवणाऱ्याला पटल्याशिवाय राहत नाही : 'एकोणचाळीस' ऐकून एकोणपन्नास लिहिणारे मूल चाळिसाला पकडून बसलेले असते. 'तीस नऊ' म्हटले की ते लगेच ताळ्यावर येते. आम्ही दोन्ही वापरले. लिहिण्यासाठी 'तीस नऊ' आणि वजाबाकीसाठी 'एकोणचाळीस'. त्रेसष्टातून एकोणचाळीस काढायचे तर चाळीस काढा आणि एक परत द्या. तेवीस आणि एक चोवीस. हे गणित त्या शब्दानेच सांगून ठेवले आहे. भाषा टिकवण्याचा वाद भावनेवर लढला गेला. शब्दाच्या पोटात काय आहे ते मुलांना उघडून दाखवले असते तर कदाचित तो अधिक चांगला लढला गेला असता.

आता आबाजींचे उदाहरण. दोन्ही संख्यांत सारखेच मिळवले तर फरक बदलत नाही, हे पटवण्यासाठी त्यांनी मुलीला विचारले होते, "माझे वय किती?" सत्त्याहत्तर. "तुझे?" सात. "फरक?" सत्तर. "पुढल्या वर्षी?" अठ्ठ्याहत्तर आणि आठ; पुन्हा सत्तर. "तू वीस वर्षांची होशील तेव्हा मी नव्वदीचा." पुन्हा सत्तर. मुलगी चकित झाली. काहीही करा, सत्तर हलतच नव्हते. कितीतरी दिवस ती येणाऱ्याजाणाऱ्यांना हा चमत्कार दाखवत होती.

त्याच श्रावणात आबाजी गेले.

'गेले' हे क्रियापद आपल्या भाषेत दोन्हीकडे आहे याची जाणीव आम्हांला तेव्हा झाली. पाचातून एक गेला, राहिले चार, हे वाक्य त्या दिवसांत घरात कुणाच्याही तोंडून निघेना. वहीतल्या उदाहरणांत पक्षी उडून जात, फुगे फुटून जात. मुलगी ती उदाहरणे सोडून पुढे जाई आणि आम्हीही काही म्हणत नसू. महिन्याभराने शिधापत्रिकेचे काम निघाले. अशा कामाला कचेरीच्या मराठीत 'नाव कमी करणे' म्हणतात. अर्ज घरातल्या टेबलावर पडला होता. मुलीने तो अक्षरे लावून वाचला आणि विचारले, "कमी म्हणजे वजा का?" होय म्हणावे लागले. चिंचोक्यांच्या खेळात मूठ उघडून दाखवण्याचा कायदा होता. तो तिला आठवला असावा, कारण ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. बोलली काही नाही.

पौषात तिला आठवे लागले. त्या दिवशी तिने तो प्रश्न विचारला जो आमच्यापैकी कुणालाही सुचला नव्हता. "आबाजी सत्त्याहत्तरच राहिले. मी आठची झाली. मग आता फरक एकोनसत्तर?"

सत्तर कधीही हलणार नाही असे तिला सांगणारा माणूसच आता मोजणीत नव्हता. तिची वजाबाकी बिनचूक होती. सत्त्याहत्तरातून आठ, एकोणसत्तर. दर वाढदिवसाला ते एकाने उतरणार आणि एक दिवस, ती पुरेशी जगली तर, शून्यावर येणार. हेही तिने पुढच्या काही मिनिटांत स्वतःच शोधून काढले, बोटांवर नव्हे, मनात. आम्ही दोघेही अशा वेळी शब्दांनी भागवणारी माणसे. पण त्या क्षणी कवितेतले काही आठवले नाही. उत्तर आजींनी दिले. त्या म्हणाल्या, "जयंती मोजतात ना, तशी मोज." चौदा एप्रिलची मिरवणूक मुलीने पाहिलेली होती आणि कितवी जयंती ते फलकावर वाचलेले होते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे, पण त्यांची जयंती १८९१ पासून अखंड मोजली जाते. ती एकदाही थांबलेली नाही. त्या हिशेबाने आबाजी अठ्ठ्याहत्तर, ती आठ. फरक सत्तर.

मुलीने दोन्ही उत्तरे ऐकली. कोणते बरोबर, असे तिने विचारले तेव्हा आम्ही म्हटले, प्रश्न कोणता आहे त्यावर ते ठरेल. किती जगले याचा फरक काढशील तर एकोणसत्तर. कधी जन्मले याचा काढशील तर सत्तर. हे सांत्वन नव्हते, गणितच होते. पण तिला ते पुरले असे दिसले. तिने वहीत दोन्ही लिहून ठेवले आहेत, एकाखाली एक, आणि मध्ये रेघ ओढलेली नाही.

असो. वाचकांपैकी बरेच जण शिकवणारे आहेत, म्हणून एक गोष्ट नोंदवून थांबतो. आमच्या पदवीच्या प्रश्नपत्रिकांत 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न दर वर्षी असतो. कथा आणि कादंबरी, संतकाव्य आणि पंतकाव्य. विद्यार्थी कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढून डावीकडे एकाची माहिती लिहितात आणि उजवीकडे दुसऱ्याची. दोन संख्या मांडून ठेवायच्या आणि वजाबाकी करायचीच नाही, असा तो प्रकार. फरक काढायचा म्हणजे हे त्याच्याशेजारी ठेवायचे, जे दोहोंत समान आहे ते बाजूला सारायचे आणि मग काय उरते ते सांगायचे. समीक्षेतली तुलना म्हणजे तरी आणखी काय असते? हल्ली आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गात या प्रश्नाचा सराव घेताना आधी राजू-मीनाच्या गोट्यांचे उदाहरण फळ्यावर घालतो. वर्ग हसतो. मग विचारतो, यांतून कोण कुठे गेले? कुणीच नाही, असे उत्तर येते. आणि तिथून पुढचे शिकवणे सोपे जाते.

मुलगी आता तिसरीत आहे. शाब्दिक उदाहरण आले की ती आकड्यांकडे नंतर पाहते. आधी वाक्य वाचते आणि स्वतःशी विचारते : गेले, कमी पडले, की फरक?